फुली नसलेली खिडकी

वयाच्या बावन्नाव्या वर्षी चिंतामणराव कॉम्प्युटर शिकायला लागले, याला सर्वस्वी साताऱ्याचे देवदत्तराव जबाबदार होते. देवदत्तरावांनी जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. त्यांनी फक्त एक शब्द उच्चारला होता. अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत ते आपल्या अवधूतला घेऊन सांगलीला आले, विश्रामबागेत चिंतामणरावांच्या घरी बसून त्यांच्या मयूरीला बघितलं, सांजा खाल्ला, पुन्हा मागून घेतला, सांज्याला अगदी वाईची चव आहे म्हणाले, चपला घालता घालता हात जोडले आणि ‘कळवतो’ म्हणून गेले ते गेलेच.

मार्च गेला. एप्रिल गेला. पोस्टमन गल्लीत शिरला की चिंतामणराव फाटकाशी उभे राहून जास्वंदीची पानं पुसू लागत. मे महिन्यापर्यंत त्या जास्वंदीला अशी तकाकी आली की शेजारचे लालासाहेब तिचं कलम मागायला आले, पण साताऱ्याहून पत्र काही आलं नाही.

आता आपल्या सातारा-सांगलीकडे नकार असा कुणी देत नाही, हे खरंच आहे. नकार देणं म्हणजे समोरच्याच्या दारात उभं राहून त्याला शिवी देण्यासारखं. त्यापेक्षा माणूस पत्रिका दाखवतो म्हणतो, बेळगावच्या मामांच्या कानावर घालतो म्हणतो, आषाढ उलटू दे म्हणतो. आणि हे मामाही नसले, आषाढही लांब असला, तर ‘कळवतो’ म्हणतो. खुद्द चिंतामणरावांनी एकाहत्तर साली वाईत चार मुली बघून चौघींच्या वडिलांना ‘कळवतो’ सांगितलं होतं. पाचव्या शरयूबाई. त्या चौघांपैकी एक गृहस्थ पुढे कितीतरी वर्षं कृष्णेच्या घाटावर भेटले की विचारत, “मग, काय ठरलं?” तोवर त्यांच्या मुलीची मुलगी शाळेत जायला लागली होती. पण दुसऱ्याला केलेलं आणि आपल्याला झालेलं या दोन गोष्टी माणूस एका तराजूत घालत नाही.

चिंतामणराव वधू-वर सूचक मंडळाचे चिटणीस होते. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं की मंडळाची सगळी स्थळं कॉम्प्युटरवर घालायची, आणि असा कॉम्प्युटर करायचा की त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय उठताच येऊ नये.

पहिली अडचण सरकारी निघाली. चिंतामणराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. सरकारी नोकराला क्लास लावायचा तर परवानगी हवी, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. अर्ज आवक विभागात आला, म्हणजे त्यांच्याच टेबलावर. त्यांनी त्यावर शिक्का मारला, ‘विनंती मान्य करण्यास हरकत नसावी’ अशी टिपणी लिहिली आणि अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला. कुणाशी, ते लिहिलं नव्हतं, म्हणून चिंतामणरावांनी दोन दिवस स्वतःशी चर्चा केली. शेवटी साहेब म्हणाले, सध्या एक उत्तर पाठवून द्या. उत्तराचा मसुदा अर्थातच चिंतामणरावांनी लिहिला, टाइप करून घेतला, जावक क्रमांक टाकला आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच उघडून वाचला. ‘आपणास यथावकाश कळवण्यात येईल.’

ते पत्र त्यांनी स्वतःच फाइलला लावलं. सोमवारपासून ते विनापरवाना क्लासला जाऊ लागले.

क्लास बयाबाईंच्या पिठाच्या गिरणीच्या वर होता. चालवणारा दिग्विजय हा दहिवडीकडचा तिशीतला गडी. मुंबईत चार वर्षं कुठल्याशा कंपनीत प्रोग्राम लिहून परत आलेला. आता व्हिज्युअल बेसिक नावाची प्रोग्रामची भाषा शिकवायचा. खाली गिरणी सुरू झाली की वरचे चारही कॉम्प्युटर थरथरत आणि सगळ्या कीबोर्डांवर ज्वारीचं पीठ बसे. क्लासहून परतलेल्या चिंतामणरावांना झटकून घरात घ्यावं लागे. व्हिज्युअल बेसिक शिकायचं तर एवढं चालायचंच, असं ते शरयूबाईंना सांगत, आणि व्हिज्युअल बेसिक हे कोणत्या गव्हाचं नाव, असं त्या विचारत.

“काका, लय सोपं हाय,” दिग्विजय म्हणाला. “ह्यो पयला फॉर्म, म्हंजी पयली खिडकी. हिच्यावर एक बटण टाका. त्येच्यावर दोनदा टिचकी मारा, आतलं पान उघडतंय. तितं लिवा, फॉर्म टू डॉट शो. झालं. बटण दाबलं की दुसरी खिडकी हजर.”

चिंतामणरावांनी लिहिलं. बटण दाबलं. आणि काय सांगावं, दुसरी खिडकी खरोखरच हजर झाली. करड्या रंगाची, रिकामी, कशाचाही पत्ता नसलेली, पण त्यांनी बोलावल्यावर आलेली. एकतीस वर्षांच्या नोकरीत शिपायानेसुद्धा पहिल्या हाकेला ओ दिली नव्हती. त्यांनी खिडकी बंद केली, पुन्हा बोलावली. पुन्हा आली. असं सतरा वेळा झाल्यावर त्यांना एकट्याने हा आनंद सोसवेना, म्हणून त्यांनी खालून बयाबाईंना हाक मारून आणलं. बयाबाईंनी पदराने कपाळाचं पीठ पुसत पडद्याकडे निरखून बघितलं.

“खिडकी उगडली म्हंता,” त्या म्हणाल्या, “मंग वारं का ईना?”

पण चिंतामणरावांच्या अंगात आता वारं शिरलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दिग्विजयला न विचारता पुढच्या धड्यातली युक्ती वापरली, आणि प्रत्येक क्लिकला नवी कोरी खिडकी निघू लागली. त्या सगळ्या बरोब्बर एकमेकींवर उघडत, त्यामुळे दिसायला एकच दिसे. बटण चालत नाही असं वाटून चिंतामणराव दाबत राहिले. मग खिडकी बंद करायला गेले तर तीच खिडकी पुन्हा समोर. बंद केली, पुन्हा समोर. घरातला पाहुणा जसा दारातून तीनदा परत येतो, एकदा छत्रीला, एकदा चष्म्याला आणि एकदा राहिलेली गोष्ट सांगायला, तशी ती खिडकी एकतीस वेळा परत आली. बत्तिसाव्या वेळी कॉम्प्युटरच थिजला. दिग्विजयने मागचं बटण दाबून तो बंद केला आणि म्हणाला की काका, एकच खिडकी करा आणि तीच परत परत दावा.

मग ऑगस्टात तो सोन्याचा दिवस उगवला. दिग्विजयने सांगितलं की त्या ‘शो’च्या पुढे नुसता एक आकडा लिहायचा. तेवढ्याने दुसरी खिडकी अशी काही ठाण मांडून बसते की ती बंद केल्याशिवाय मागच्या खिडकीला हात लावता येत नाही. लावलाच तर मशीन नुसतं ‘टंग’ करतं.

चिंतामणरावांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, “आणि तिच्या कोपऱ्यातली फुली? तिच्यावर दाबून पळ काढता येईल ना माणसाला?”

“ती बी काढून टाकता येती की.”

“आणि एस्केपचं बटण?”

“आपुन काय सांगितलं न्हाई तर त्ये काय करतंय?” दिग्विजय म्हणाला. “पर काका, मान्साला भाईर पडाय वाट ठिवावी. म्या मुंबैत अशी एक खिडकी केलती, मालकच आत घावला.”

चिंतामणरावांना पुढचं ऐकूच आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एक खिडकी तरळत होती. वर स्थळाची सगळी माहिती, खाली दोनच बटणं. होकार आणि नकार. फुली नाही, वाट नाही, मामा नाही, आषाढ नाही.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारचे लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं की खिडकीपुढे आधी सेंट्री पायजे, कोण आला, का आला विचारणारा, आणि परवलीचा शब्द दर शनिवारी बदलला पायजे. शरयूबाईंच्या भिशीतल्या बायकांनी खिडकी पडद्याच्या पूर्वेला उघडावी असं सुचवलं. पडद्याची पूर्व कोणती यावर चर्चा झाली तेव्हा कॉम्प्युटर कोणत्या भिंतीला आहे यावर ते ठरतं असं निघालं, आणि क्लासातला कॉम्प्युटर तर दक्षिणेकडे तोंड करून बसला होता. चिंतामणरावांनी गुपचूप खिडकी दीड इंच उजवीकडे सरकवली. विषाची परीक्षा कशाला.

मंडळाच्या कार्यकारिणीने तर यासाठी खिडकी उपसमितीच नेमली. वधूंची खिडकी आधी की वरांची, यावर दोन बैठका गेल्या. नकाराच्या तांबड्या बटणावर आक्षेप आला की मंगलकार्यात हे अशुभ दिसतं. तडजोड म्हणून होकाराचं बटण हिरवं आणि पाटाएवढं झालं, आणि नकाराचं बटण आक्रसत आक्रसत मोहरीच्या दाण्यावर आलं. चिंतामणरावांनी हे सगळं हसतमुखाने सोसलं. पण उपसमितीचे आप्पासो म्हणाले की मध्ये एक ‘कळवतो’चंही बटण टाका, लोकांची सोय होईल, तेव्हा चिंतामणराव खुर्चीवरून उठले. हयातीत कधी आवाज न चढवलेला तो माणूस म्हणाला, “ते बटण माझ्या तेराव्याला टाका.” उपसमिती दचकली आणि बैठक चहाशिवाय संपली.

मंडळाचा वार्षिक मेळावा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी विश्रामबागेतल्या एका कार्यालयात ठरला. तिथे प्रोग्रामचं उद्घाटन होणार होतं. प्रमुख पाहुणे म्हणून सातारा शाखेच्या अध्यक्षांना बोलवायचा ठराव झाला, आणि निमंत्रणपत्रिकेवर नाव बघून चिंतामणरावांची पाचावर धारण बसली. अध्यक्ष देवदत्तराव होते. नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो, पण देवदत्तरावांचं पोस्टकार्ड आलं नव्हतं. आता ते स्वतः येणार होते.

“तुम्ही त्यांना काही विचारू नका,” शरयूबाईंनी बजावलं. “चारचौघांत पोरीचं नाव निघता कामा नये.” चिंतामणरावांनी देवापुढे हात जोडून तसा शब्द दिला, आणि तो पाळलाही.

मेळाव्याच्या दिवशी दिग्विजयने कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून रिक्षाने आणला, पडदा लालासाहेबांच्या मांडीवर. हॉलमध्ये दोनशे माणसं आणि पडदा जेमतेम वीतभर. मागच्यांना काय दिसणार. म्हणून लालासाहेबांना माइक दिला, त्यांनी पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचं. आतून मसालेभाताचा वास येत होता आणि उद्घाटन झालं की पानं मांडायची होती. मयूरी दाराशी नोंदणीच्या टेबलावर बसली होती. अवधूत पहिल्या रांगेत, वडिलांची पिशवी मांडीवर घेऊन.

देवदत्तराव टाळ्यांच्या गजरात कॉम्प्युटरसमोर बसले. चिंतामणरावांनी अदबीने सांगितलं की कोणताही नंबर निवडावा आणि ‘माहिती पहा’ हे बटण दाबावं. देवदत्तरावांनी सत्तावीस निवडला, तो त्यांचा लकी नंबर. बटण दाबलं. खिडकी उघडली.

“उमीदवार नंबर सत्तावीस,” पहिल्या खिडकीतला आकडा वाचणारा लालासाहेबांचा आवाज भोंग्यातून दणाणला. “कुमारी मयूरी चिंतामण, बी.एस्सी., बी.एड., उंची पाच फूट तीन इंच, मूळ गाव वाई.”

हॉलमधल्या दोनशे माना एकदम दाराशी बसलेल्या मयूरीकडे वळल्या. चिंतामणरावांच्या पायाखालची जमीन सरकली. सत्तावीस नंबरला मिरजेची एक डॉक्टर मुलगी होती. आणि त्याच क्षणी त्यांना आपली चूक कळली. पहिल्या खिडकीने दुसरीला नंबर सांगायला हवा होता, ते लिहायचंच राहून गेलं होतं. नंबर न कळलेली दुसरी खिडकी बिचारी यादीतलं पहिलं नाव दाखवत होती. कोणताही नंबर दाबा, मयूरीच. तीन महिने त्यांनी प्रोग्राम शंभरदा चालवून बघितला होता, पण दर वेळी एकच नंबर, मयूरीचा, टाकून. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं काय होतं ते बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

देवदत्तरावांनी माउस घट्ट धरला. त्यांनी खिडकीच्या कोपऱ्यात फुली शोधली, नव्हती. मागच्या खिडकीवर दाबलं. मशीन म्हणालं, टंग. पुन्हा दाबलं. टंग.

“खाली दोन बटणं हायती,” लालासाहेब जाहीर करत होते. “होकार आनि नकार. साहेब विचार करत्यात. सगळ्यांनी सावधान.”

देवदत्तरावांनी पडद्याकडे तोंड करून, अगदी सवयीने, हळूच म्हटलं, “बरं. कळवतो.” माइक जवळ असल्याने ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मशीनने काहीच केलं नाही.

इकडे आड तिकडे विहीर. होकार दाबावा तर दोनशे साक्षीदारांसमोर सोयरीक ठरते. नकार दाबावा तर मुलीच्या बापाच्या तोंडावर, त्याच्याच गावात, त्याचं जेवण जेवायच्या आधी. देवदत्तरावांच्या तीन पिढ्यांत असं कुणी केलं नव्हतं. त्यांनी वळून अवधूतला विचारलं, तुझं काय मत. अवधूत म्हणाला, “बाबा म्हणतील तसं.”

मशीन बंद करावं म्हणून आप्पासो वायरीकडे धावले, तेव्हा दिग्विजय आडवा पडला. असं मधेच बंद केलं तर चारशे मुलामुलींची माहिती जाईल म्हणाला. तेवढ्यात देवदत्तरावांच्या मनातलं जणू वीज मंडळाने ऐकलं आणि हॉलमधले दिवे गेले. पंखे थांबले. देवदत्तरावांचा जीव भांड्यात पडला. पण पडदा तसाच उजळलेला. दिग्विजयने इन्व्हर्टर आणून त्याला ट्रॅक्टरची बॅटरी जोडून ठेवली होती. दहिवडीच्या, दुष्काळी माण तालुक्यातल्या माणसाला आयत्या वेळी काही येईल असा भरवसा कधी नसतो. आता काळोख्या हॉलमध्ये फक्त मयूरीची माहिती आणि देवदत्तरावांचा चेहरा एवढंच दिसत होतं. मागून कुणीतरी ओरडलं की सांगून टाका की पाव्हणं, भात गार व्हायलाय.

चिंतामणरावांनी ज्या क्षणासाठी इतके महिने पीठ खाल्लं होतं तो क्षण हाच होता. समोर देवदत्तराव, मागे वाट नाही, उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. पण त्यांना जराही आनंद होईना. बायकांच्या बाजूला शरयूबाईंनी पदर तोंडाला लावला असणार, हे त्यांना न दिसताही कळत होतं. धरणीमाता दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

एवढ्यात दाराकडून मयूरी आली. घाईने नाही, वर्गावर जाते तशी. तिने नोंदणीची वही आप्पासोंच्या हातात दिली आणि देवदत्तरावांना म्हणाली, “काका, जरा सरकता का?”

देवदत्तराव असे सरकले की खुर्ची सोडूनच उभे राहिले. मयूरीने माउस धरला, ते मोहरीएवढं बटण नेमकं शोधलं आणि दाबलं. खिडकी मिटली. चिंतामणरावांनी हौसेने टाकलेली छोटी खिडकी वर आली, ‘नक्की का?’ मयूरीने ‘हो’ दाबलं.

“नकार,” लालासाहेबांनी जाहीर केलं, आणि मग थोडं थांबून, “पोरीकडनं.”

पहिली टाळी बायकांच्या बाजूने आली. ती शरयूबाईंची होती असं पुढे बऱ्याच जणींनी शपथेवर सांगितलं. मग सगळा हॉलच वाजवायला लागला, कुणी मुलीच्या धिटाईला, कुणी भाताला.

पानं मांडेपर्यंत चिंतामणराव मयूरीला घेऊन कोठीघरात गेले. त्यांना रागवायचं होतं, पण रागवायला काही सापडेना. शेवटी त्यांनी विचारलं, तुला आधीच नको होता का तो मुलगा.

“पहिल्या दिवशीच,” मयूरी म्हणाली. “त्याला चहा की कॉफी विचारलं, तर ते पण त्याच्या बाबांनी सांगितलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे, बाबा? तुम्ही साताऱ्याच्या उत्तराची वाट बघत होतात.” मग ती जरा हसली. “आणि नंतर तर तुम्ही कॉम्प्युटर शिकायला लागलात. रोज पिठात माखून इतके खुशीत यायचात. म्हटलं, कशाला मोडता घाला.”

चिंतामणराव गुळाच्या ढेपेवर बसले. चारशे स्थळं, दोन बटणं, तीन महिन्यांची उपसमिती, आणि मुलीला विचारायची खिडकी त्यांनी केलीच नव्हती. ती सगळ्यात आधी उघडायला हवी होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि पोरीचा फार अभिमानही वाटला. या दोन्हींचं एकदम काय करायचं ते न कळून त्यांनी तिच्या खांद्यावरचं नसलेलं पीठ झटकलं.

पंगतीत देवदत्तराव नेमके त्यांच्या शेजारी आले. मसालेभात त्यांनी खाली मान घालून संपवला. जिलबीला मात्र त्यांना राहवेना. नऊ महिने ज्या स्थळाला साधं पोस्टकार्ड टाकलं नाही त्याच स्थळाने आपल्याला चारचौघांत वाटाण्याच्या अक्षता लावाव्यात, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. ते चिंतामणरावांच्या कानाशी वाकले.

“अहो, पण नकार का?” ते अगदी कळवळून म्हणाले. “आमच्या अवधूतमध्ये कमी काय आहे? पोरीला नीट विचारा. काही गैरसमज असेल. आपण पुन्हा एकदा बसू. काय?”

चिंतामणरावांच्या तोंडात जिलबीचा घास होता. चहा-कॉफीचं सांगावं, खरं ते एकदा तोंडावर सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. त्यांनी घास सावकाश गिळला. देवदत्तरावांचा उतरलेला चेहरा बघितला. पाण्याचा घोट घेतला, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, “कळवतो.”